छोटा फ्लॅट, मोकळी जमीन

पेण आणि रोह्यात आता वाडीतल्या घरातून फ्लॅटमध्ये राहायला येणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. जुन्या घराला ओटी, पडवी, माजघर असे. सामान मुळात थोडे, आणि जे असे ते भिंतीतल्या कोनाड्यात, फडताळात, खुंटीवर नाहीतर माळ्यावर. जमीन मोकळी राही. फ्लॅटमध्ये आपण नेमके उलटे करतो. भिंती रिकाम्या सोडतो आणि जमीन सोफा, टीपॉय, शोकेस, दिवाण यांनी भरून टाकतो. मग चारशे चौरस फुटांचे घर अडीचशेचे वाटू लागते.

घर किती मोठे आहे याचा अंदाज आपले डोळे दोन गोष्टींवरून घेतात: फरशी किती दिसते, आणि दारात उभे राहिल्यावर नजर अडथळ्याशिवाय कुठवर जाते. कोकणात तिसरी गोष्ट हवेची. चार महिने पाऊस असलेल्या ठिकाणी हवा कोंडली की मोठी खोलीही अंगावर येते. पुढची सगळी कामे या तिन्ही गोष्टींसाठीच आहेत.

सुरुवात मोजमापाने करा. करारात लिहिलेले चटई क्षेत्र म्हणजे भिंतींच्या आत वापरायला मिळणारी जागा. २०१६च्या रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे त्यात बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, आतल्या आडभिंतींची जाडी मात्र धरतात. म्हणून कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्ष फरशी यांत थोडा फरक राहतो. फर्निचर ठरवताना फरशीच मोजा.

टेप नसेल तरी अडत नाही. नव्या इमारतींत बहुधा दोन बाय दोन फुटांच्या फरशा असतात. त्या मोजून चौकटीच्या वहीत खोली काढा, एक चौकट म्हणजे एक फूट. दारे कुठल्या बाजूला आणि किती उघडतात, खिडकीचा कट्टा किती उंच आहे, स्विचबोर्ड कुठे आहेत, हेही त्यात दाखवा. दार उघडण्याची जागा न मोजल्यामुळे आणलेले कपाट दाराला अडते, असे फार घरांत होते.

आता त्या चित्रावर मुख्य दारापासून बाल्कनीपर्यंत किंवा मोठ्या खिडकीपर्यंत एक रेघ ओढा. या रेघेवर काहीही ठेवायचे नाही. येण्याजाण्याची वाट तीन फूट असावी, आतल्या खोलीत अडीच चालते. उंच वस्तू दारातून आत येताच समोर दिसणार नाही अशी, शक्यतो दाराच्याच भिंतीला लावा. समोर खिडकी आणि तिच्याखाली बुटके सामान राहिले की नजर थेट बाहेर जाते.

गणपतीची जागाही याच वेळी ठरवून टाका. पेण तर मूर्तींचेच गाव. ज्या घरी गणपती बसतो तिथे मखर, चौरंग, समोर आरतीला उभी राहणारी माणसे आणि जेवायला येणारे पाहुणे एवढ्यांना जागा लागते. रोह्यात धावीर महाराजांच्या उत्सवाला नातेवाईक येतात, तेव्हाही हेच. हॉलचा एक कोपरा असा ठेवा की तिथले सामान एका माणसाला उचलून बाजूला करता येईल. तिथे भिंतीत ठोकलेले फर्निचर नको. वर्षातल्या गर्दीच्या दिवसांत पुरणारा कोपरा एरवी रिकामा दिसतो, आणि तो रिकामेपणाच घराला मोठेपणा देतो.

यानंतर भिंती, आणि इथे चूक महागात पडते. बहुतेक घरे गणपतीआधी रंगवायला घेतात, म्हणजे आषाढ-श्रावणात, भिंती ओलीने भरलेल्या असताना. त्यावर लांबी आणि रंग चढवला की दिवाळीपर्यंत पापुद्रे निघतात. रंगकाम मार्च ते मे या महिन्यांत उरकावे. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या बाहेरच्या भिंती आधी तपासा.

तपासणी सोपी आहे. हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब आले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला आले तर दमटपणा खोलीतल्या हवेत आहे. पहिल्या प्रकारात आधी बाहेरून भेगा बुजवून जलरोधक काम करावे लागते. आतून कितीही चांगला रंग लावला तरी तो टिकत नाही.

रंग फिकट घ्यावा हे सगळेच सांगतात. त्यामागचे कारण असे: काही कंपन्यांच्या रंगपट्टीवर परावर्तनाचा आकडा असतो, म्हणजे पडलेल्या शंभर भाग उजेडापैकी किती भाग तो रंग परत फेकतो. तो सत्तरच्या वर असला की खोली उजळते. छत पांढरेच ठेवा. हॉल, वाट आणि आतली खोली यांना एकच रंग दिला तर नजर खोलीच्या सीमेवर थांबत नाही. एका भिंतीला गडद रंग देण्याची हौस असेल तर तो खिडकीच्या समोरच्या भिंतीला नको. आत येणारा उजेड तीच भिंत परत फेकत असते.

खोटे छत टाळावे असे माझे स्पष्ट मत आहे. राहत्या खोलीची उंची साधारण नऊ-साडेनऊ फूट असते. खोटे छत त्यातले अर्धा फूट तरी खाते, आणि वरच्या घरातली गळती त्याच्या आड बरेच दिवस कळत नाही.

पडद्याची दांडी खिडकीच्या चौकटीला न लावता छताखाली पाच-सहा इंचांवर लावा आणि दोन्ही बाजूंना आठ-दहा इंच जास्त न्या. पडदा सरकवल्यावर तो काचेवर न राहता भिंतीवर गोळा होतो आणि पूर्ण खिडकी मोकळी होते. खिडकी उंच आणि रुंद वाटते ती वेगळीच. कापड पातळ सुती घ्या, जाड अस्तराचे पडदे पावसात आंबूस वास धरतात.

दिव्यांचे थोडक्यात. छताच्या मधोमध एकच झगझगीत दिवा लावला की कोपरे अंधारात जातात आणि खोली आक्रसते. त्याऐवजी दोन-तीन कमी ताकदीचे दिवे भिंतींकडे उजेड टाकतील असे लावा. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो, तो उजेडाची छटा सांगतो: ३००० पिवळसर, ४००० मधला, ६५०० निळसर पांढरा. एका खोलीत एकच छटा ठेवा.

आरसा खिडकीसमोर किंवा तिच्या लगतच्या भिंतीवर लावावा. लावण्याआधी त्या जागी उभे राहून पाहा की त्यात काय दिसणार आहे. बाहेरचे झाड किंवा आकाश दिसले तर उत्तम. भांड्यांचे रॅक दिसत असेल तर पसारा दुप्पट होतो. ओल्या भिंतीवर आरशाच्या मागचा मुलामा काळा पडतो, म्हणून मागे थोडी फट ठेवून बसवा.

आता फर्निचर. दहा बाय दहाच्या खोलीत सहा फूट रुंदीचा पलंग एका भिंतीला टेकवला तर चार फूट उरतात. समोर कपाट ठेवले की त्याची खोली दोन फूट, म्हणजे मध्ये दोनच फूट. कपाटाचे दार दीड फूट बाहेर येते, आणि ते उघडून उभे राहायला जागाच राहत नाही. तोच पलंग पाच फुटी घेतला तर मध्ये तीन फूट मिळतात. सरकत्या दारांचे कपाट घेतले तर आणखी बरे. एका फुटाने सगळी खोली बदलते.

पलंग, सोफा, टीव्हीखालचे कपाट, सगळे पायांवर उभे असलेले घ्या, जमिनीपासून सहा इंच तरी वर. खालची फरशी दिसत राहते आणि पोछा शेवटपर्यंत जातो. पेटीचा पलंग जागा वाचवतो हे खरे, पण आपल्या हवेत त्यात ठेवलेल्या गाद्या-गोधड्यांना बुरशी येते. घ्यायचाच असेल तर दर आठवड्याला उघडल्या जाणाऱ्या वस्तूच त्यात ठेवा, आणि उघडीप मिळेल तेव्हा झाकण तासभर उघडे टाका.

सामान जमिनीवरून काढायचे तर ते वर जायला हवे. पेण, हमरापूर, जोहे इकडच्या गणपतीच्या कारखान्यांत ते कसे जाते हे आपण पाहिलेच असेल. मूर्ती फळ्यांच्या मांडणीवर थरावर थर छतापर्यंत चढतात आणि कारागिराला बसायला जमीन मोकळी राहते. घरातही दारावरच्या उंचीला, म्हणजे सात फुटांवर, एका भिंतीभर फळी फिरवा. तिची रुंदी दहा इंच पुरे. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तू तिथे जातात. मात्र पलंगाच्या डोक्यावर माळा नको. झोपताना छत खाली आल्यासारखे वाटते.

स्वयंपाकघरात चूक होते ती हिशेबाची. जागा जानेवारीच्या सामानावर ठरवली जाते आणि बेगमी येते मे महिन्यात. तांदूळ, वाल, पेणचे पापड आणि पोहे, लोणच्याच्या बरण्या, सुकट आणि बोंबील, हे सगळे पावसाआधी घरात शिरते. म्हणून कपाटांची मोजणी मेअखेरच्या सामानावर करा. तांदळाची कोठी ओट्याखाली पण सिंकपासून दूर, सुकी मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि सिंकखालच्या खणात धान्य मुळीच नको.

लाकडी सामानात सर्वांत जास्त फसवणूक होते ती आतल्या मालाची. भुसा दाबून केलेले फलक स्वस्त पडतात, पण दमटपणात फुगतात आणि बिजागरीचे स्क्रू सैल होतात. ओलावा सहन करणाऱ्या साध्या प्लायवूडसाठी आयएस ३०३ आणि पाण्यातही टिकणाऱ्या मरीन प्लायवूडसाठी आयएस ७१० हे मानक आहे. ओटा आणि सिंकखाली ७१०च वापरा. फळीवरचा शिक्का स्वतः पाहा, सगळ्या कडा पट्टी लावून बंद करून घ्या, आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच सुटे ठेवा.

कपडे वाळवणे हा पावसाळ्यातला मोठा जागाखाऊ प्रश्न. हॉलमध्ये दोरी बांधली की वरचे सगळे नियोजन वाया जाते. बाल्कनीच्या छताला पुलीवर खालीवर होणारा दांड्यांचा हँगर बसवा आणि खालची जागा मोकळी सोडा.

बाल्कनी हॉलमध्ये घेण्याचा मोह अनेकांना होतो. सरकती काच लावणे वेगळे आणि विटांची भिंत चढवणे वेगळे. बाल्कनी बहुधा एका बाजूनेच धरलेली असते, तिच्यावर जास्तीचे वजन टाकू नका. मधली भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनियरचा, म्हणजे इमारतीच्या भाराचा हिशेब जाणणाऱ्या अभियंत्याचा, सल्ला आणि सोसायटीची व नगरपरिषदेची परवानगी घ्या. खांब आणि तुळई यांना हात लावायचाच नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी आपल्याच जिल्ह्यात महाडची तारिक गार्डन इमारत कोसळून १६ माणसे गेली. तिथली कारणे बांधकामातल्या दोषांची होती, पण आपल्या इमारतीत कुठला दोष दडलेला आहे हे आपल्याला बाहेरून दिसत नसते.

धाटावच्या कारखान्यांत नोकरीला येऊन भाड्याने राहणाऱ्यांना भिंतीत भोक पाडता येत नाही. त्यांनी उभी लोखंडी मांडणी, घडीचे टेबल आणि चाकांची कपाटे घ्यावीत. पडद्याच्या दांडीसाठी मात्र मालकाला विचारून पाहावे. तेवढ्याला सहसा नकार मिळत नाही.

घर स्वतःचे असेल तर सुताराला सगळ्यांत शेवटी बोलवा. पहिल्या वर्षी रंग, दिवे, पडदे आणि हँगर एवढेच करा, आणि एक पावसाळा त्या घरात राहून काढा. कुठल्या भिंतीवर डाग उमटतो, कुठल्या खिडकीतून झड आत येते, गणपतीत माणसे नेमकी कुठे बसतात, हे वहीतल्या त्याच चित्रावर लिहीत जा. दिवाळीनंतर भिंती कोरड्या झाल्या की ते चित्र सुतारापुढे ठेवा आणि मापे त्याच्याकडून प्रत्यक्ष जागेवर पुन्हा घ्यायला लावा.