काळ्या कातळाच्या प्रदेशात डायनोसॉरचा धडा

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या प्राथमिक शाळेत येणारे मूल डायनोसॉरला शाळेत येण्याआधीच ओळखत असते. खेळण्यांतून, चित्रपटांतून आणि वाढदिवसाच्या सजावटीतून ही ओळख झालेली असल्यामुळे शिक्षकाचे पहिले काम नवी माहिती देण्याचे नसून आधी रुजलेली चुकीची माहिती काढण्याचे असते. हे काम नुसत्या सांगण्याने होत नाही, हातांनी करून पाहिल्यानेच होते, ही धारणा योग्य आहे. मात्र हाताने केलेली गोष्ट ऐकलेल्या गोष्टीपेक्षा खोल रुजते हे खरे असेल, तर चुकीची निवडलेली कृती गैरसमजही तितकाच खोल रुजवते, हेही खरे मानावे लागते, आणि या विषयातल्या कित्येक लोकप्रिय कृतींचे नेमके तसेच होते.

डायनोसॉर हे परदेशातले प्राणी होते, हा पहिला समज. वस्तुस्थिती अशी की भारतात डायनोसॉरची हाडे १८२८ साली जबलपूरजवळ विल्यम स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला सापडली, म्हणजे ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये घडवण्याच्याही आधी. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यातली पिसदुरा आणि डोंगरगाव ही गावे जीवाश्मांसाठी, म्हणजे खडकात टिकून राहिलेल्या प्राचीन जीवांच्या अवशेषांसाठी, अभ्यासकांमध्ये प्रसिद्ध आहेत. डोंगरगावला सापडलेल्या लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनोसॉरचे वर्णन १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि २००३ मध्ये कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसिसॉरस’ हे नाव मिळाले. त्याची लांबी सुमारे १८ मीटर असावी असा अंदाज केला जातो. लोकलचा एक डबा साधारण २० मीटरचा असतो. शाळेच्या मैदानात १८ मीटरची सुतळी ताणून तिच्या कडेने मुलांना उभे केले की हा आकडा मुलांच्या डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याच सुतळीशेजारी कोंबडीएवढ्या डायनोसॉरसाठी एक मीटरचीही दोरी ठेवावी, कारण सगळेच डायनोसॉर अवाढव्य होते हा समज त्याशिवाय जात नाही.

विदर्भात हाडे सापडतात हे कळताच मुले उलट्या टोकाला जातात आणि पारसिकच्या डोंगरात किंवा मलंगगडाच्या पायथ्याशी खणले तर तिथेही ती सापडतील असे मानू लागतात. हाडे टिकतात ती मुख्यतः गाळाच्या खडकांत, म्हणजे नदीने किंवा तळ्याने आणलेली माती आणि वाळू थरांनी साचून, दाबली जाऊन बनलेल्या खडकांत. ठाणे जिल्ह्याचे डोंगर मात्र बेसॉल्टचे, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचे आहेत, आणि तापलेल्या लाव्हात हाड सहसा टिकत नाही. या काळ्या दगडात दिसणारे पांढरे ठिपके म्हणजे हाडांचे तुकडे नव्हेत. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांनी सोडलेल्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट, गारगोटी यांसारखी खनिजे भरली, त्या खनिजांचे ते ठिपके आहेत. डोंगर कापून केलेल्या रस्त्यांच्या कडेला दिसणारे, कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोल धोंडेही अंडी नव्हेत. बेसॉल्ट ऊन-पावसाने कोपऱ्यांकडून झिजत जातो, म्हणून त्याला तो आकार येतो. असा एक धोंडा वर्गात आणून मुलांनी त्याचे पापुद्रे नखाने सोडवून पाहावेत. अंड्याला कवच एकच असते, याला पापुद्र्यांवर पापुद्रे आहेत, हा फरक त्यांना कोणी सांगावा लागत नाही.

या प्रदेशात जीवाश्म मुळीच नाहीत, असा निष्कर्षही बरोबर नाही. लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये बराच काळ गेला, की त्या अवधीत तळी साचत आणि त्यांत गाळ बसे. अशा थरांना आंतरप्रवाही थर म्हणतात. मुंबईत वरळीच्या टेकडीवर अशाच थरात बेडकांचे आणि कासवाचे जीवाश्म सापडले, आणि त्या चिमुकल्या बेडकाचे शास्त्रीय वर्णन १८४७ मध्ये त्याच ओवेन यांनी केले, ज्यांनी डायनोसॉरांना नाव दिले. ठाण्याच्या मुलासाठी परदेशातल्या कुठल्याही महाकाय सांगाड्यापेक्षा हा बेडूक जवळचा आहे, आणि धड्यात त्याला जागा मिळायला हवी.

लाव्हाचा विषय निघाला की मातीचा शंकू करून त्यात खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर ओतण्याचा प्रयोग हमखास होतो. तो मुलांना आवडतो, पण सह्याद्रीविषयी चुकीचे चित्र देतो, कारण दख्खनचा लाव्हा मुख्यतः एखाद्या शंकूच्या तोंडातून उसळला नाही. जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून तो पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि दूरवर पसरून एकावर एक आडव्या थरांनी थिजला. आज उरलेले त्याचे क्षेत्र सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. शंकूच्या प्रयोगाऐवजी गडद आणि फिक्या रंगांच्या मातीच्या पोळ्या लाटून एकावर एक ठेवाव्यात आणि दोऱ्याने त्यांत दरी कापावी; कापलेल्या कडेला जे पट्टे दिसतात, तेच पट्टे कल्याणहून कसाऱ्याकडे किंवा कर्जतकडे जाताना गाडीच्या खिडकीतून डोंगरांवर दिसतात. या पट्ट्यांमुळे डोंगरांना येणाऱ्या पायऱ्यांसारख्या आकारावरूनच या खडकांना ‘ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द ‘जिना’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला.

माणूस आणि डायनोसॉर एकाच काळात होते, हा समज सर्वांत चिवट आहे. कोटींचे आकडे सांगून तो जात नाही, कारण प्राथमिक वर्गातल्या मुलाला एक कोटी आणि दहा कोटी सारखेच वाटतात. त्यासाठी दहा लाख वर्षांना एक सेंटीमीटर असे माप धरून एक दोरी भिंतीवर लावावी. पहिले डायनोसॉर सुमारे २३ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणून दोरी २३० सेंटीमीटरची होते. पाठीवर उभ्या तबकड्या असलेला स्टेगोसॉरस १५० सेंटीमीटरच्या खुणेपाशी येतो. टिरॅनोसॉरस, दख्खनचा लाव्हा आणि पक्षी वगळता बाकी डायनोसॉरांचा अंत हे सारे ६६ सेंटीमीटरच्या आसपास येते. मुलांनी पट्टीने मोजावे: स्टेगोसॉरस आणि टिरॅनोसॉरस यांच्यात ८० सेंटीमीटरहून अधिक अंतर आहे, टिरॅनोसॉरस आणि आपल्यात ६६, म्हणजे चित्रांत एकमेकांशी झुंजणारे हे दोन प्राणी एकमेकांना कधीच भेटले नव्हते. आपल्या मानवजातीचा सुमारे ३ लाख वर्षांचा काळ दोरीच्या टोकाचे अवघे ३ मिलिमीटर व्यापतो; चौथीतली मुले ज्या शिवकाळाचा इतिहास शिकतात, तो या दोरीवर केसाच्या जाडीहूनही बारीक अंतरावर आहे. हे अंतर दाखवण्यासाठी पेन्सिलला कितीही टोक काढले तरी खूण करता येत नाही, आणि ती करण्याचा प्रयत्न प्रत्येक मुलाला करू द्यावा.

बाजारात मिळणाऱ्या ‘खोदा आणि शोधा’ संचांत प्लास्टरच्या विटेत प्लास्टिकचा पूर्ण सांगाडा असतो, आणि तो विटेबाहेर काढला की खेळ संपतो. प्रत्यक्षात पूर्ण सांगाडा अत्यंत दुर्मीळ असतो. आयसिसॉरसचा सांगाडा भारतातल्या बऱ्यापैकी पूर्ण सांगाड्यांपैकी मानला जातो, तरी त्याची कवटी मिळालेली नाही. प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या बारापासॉरसची सुमारे ३०० हाडे मिळाली, ती किमान ६ प्राण्यांची, आणि त्यांतही कवटी नाही. अभ्यासकाचे खरे काम हाड बाहेर काढण्यापूर्वीच सुरू होते, कारण ते कोणत्या थरात, कोणत्या बाजूला, कशाशेजारी होते याची नोंद नसेल तर त्याचे मोल फार उरत नाही. म्हणून वाळूच्या परातीवर सुतळीचे चौकोन आखून, मासळीचे धुऊन वाळवलेले काटे किंवा शिंपले पुरून, मुलांनी आधी चौकोनी वहीत त्यांची जागा काढावी आणि मगच वस्तू उचलावी. काही वस्तू मुद्दाम अपुऱ्या ठेवाव्यात. गणेशोत्सवानंतर उरलेल्या शाडूत शिंपला दाबून साचा करावा आणि त्यात प्लास्टर ओतून ठसा काढावा, म्हणजे मूळ वस्तू नाहीशी होऊनही तिचा आकार दगडात कसा उरतो हे मुलांना हातात धरता येते. प्लास्टर थिजताना तापते, त्यामुळे मुलांचे हात त्यात कधीही रोवू देऊ नयेत.

पिसदुऱ्याचे सर्वांत मोलाचे जीवाश्म मात्र हाडे नसून विष्ठाश्म, म्हणजे दगड झालेली विष्ठा आहे. डायनोसॉरांच्या काळात गवत नव्हतेच, असे दीर्घकाळ मानले जाई. २००५ मध्ये वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण दाखवून दिले आणि तो समज जगभर बदलावा लागला. गवताचे पाते बोटाला कापते, ते याच सिलिकामुळे. विष्ठेवरून आहार कसा ओळखतात हे वर्गात करून पाहण्यासाठी पूजेच्या दुकानात मिळणारी एक गोवरी पुरते. ती वर्तमानपत्रावर कुस्करून मुलांनी चिमट्याने पेंढ्याच्या काड्या, बियांची टरफले आणि तंतू वेगळे करावेत आणि त्यांवरून गाय काय खात होती ते लिहावे. गोवरी थापताना बाहेरचा पेंढाही मिसळतात, म्हणून कोणती काडी गाईच्या पोटातून आली आणि कोणती हाताने घातली गेली, हा प्रश्नही विचारावा. अवशेषांवरून निष्कर्ष काढताना शास्त्रज्ञालाही तोच विचारावा लागतो.

डायनोसॉर म्हणजे मोठा सरडा, हा समज नावातूनच आला, कारण ओवेन यांच्या शब्दाचा अर्थ ‘भयंकर सरडा’ असा होतो. सरड्याचे पाय अंगाच्या बाजूंना फाकलेले असतात, डायनोसॉरचे मात्र खांबांसारखे अंगाखाली होते. मुलांनी हात-पाय फाकवून पोट जमिनीच्या जवळ ठेवून चालावे आणि मग हत्तीसारखे हात सरळ रोवून चालावे. कोणत्या चालीत दम लवकर लागतो हे त्यांचे दंड सांगतात. डायनोसॉर पूर्णपणे नष्ट झाले, हेही अर्धेच खरे, कारण मांसभक्षक डायनोसॉरांच्या एका लहान शाखेचे वंशज म्हणजे आजचे पक्षी होत. मेक्सिकोतल्या चिक्शुलुबला झालेला लघुग्रहाचा आघात आणि दख्खनचा लाव्हा यांचा बाकी डायनोसॉरांच्या विनाशातला वाटा किती, यावर अजून वाद आहे. पक्ष्यांशी असलेले नाते मात्र डोळ्यांनी पाहता येते. ऐरोलीजवळ ठाणे खाडीच्या ओल्या चिखलात बगळ्याची तीन पुढची बोटे उमटतात, तेव्हा त्या ठशाशेजारी मांसभक्षक डायनोसॉरच्या तीनबोटी ठशाचे चित्र ठेवले की सांगण्यासारखे थोडेच उरते.

शिक्षकांना एक विनंती. मुलाने सहलीहून किंवा गावाहून वेगळ्या आकाराचा दगड आणला, तर तो फोडू नये आणि फेकूनही देऊ नये. कुठे मिळाला ते चिठ्ठीवर लिहून जवळच्या महाविद्यालयाच्या भूविज्ञान विभागाला दाखवावा. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावचे शेतकरी शेतात मिळालेले गोल दगड शेताचे आणि गुराढोरांचे राखणदार म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत आले. तज्ज्ञांनी पाहिल्यावर ती डायनोसॉरची अंडी असल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले.