बोटीची सहल आणि गटाची वही

मागच्या महिन्यात एका बचत गटाच्या बैठकीला आम्ही रेकॉर्डर घेऊन बसलो होतो. विषय होता शेळ्यांच्या विम्याचा. हप्ते गोळा झाले, वहीत सह्या झाल्या आणि एका सुनेनं मोबाइल पुढं केला. त्यावर पांढरं शुभ्र जहाज, वर निळा पोहण्याचा हौद, खाली मोठ्या अक्षरांत दर. मुंबई ते गोवा आणि परत, दोन रात्री तीन दिवस. मोबाइल बाराजणींच्या हातांतून फिरला. शेळ्या राहिल्या बाजूला.

एक काकू म्हणाल्या, "आपल्याला कशाला ही थेरं?" दुसऱ्या लगेच म्हणाल्या, "का? आपण काय फक्त पंढरीलाच जायचं का?" मग सगळ्या आमच्याकडे वळल्या, "तुम्ही रेडिओवाल्या, तुम्हीच सांगा, परवडतं का हे?" आम्ही म्हटलं, माहिती काढतो आणि पुढच्या बैठकीला हिशेब मांडतो. तोच हिशेब आज सगळ्यांसाठी.

पहिली गोष्ट, अशी हौस वाटण्यात काहीही वावगं नाही. कोकणातल्या आपल्या आजीच्या वयाच्या बायका बोटीनंच मुंबईला जात-येत. डेकवर वळकटी टाकायची, शिदोरी सोडायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायचं. ती गरजेची बोट होती. आता आलीय ती हौसेची. २०१८ च्या ऑक्टोबरात 'आंग्रिया' नावाचं जहाज मुंबई-गोवा सुरू झालं, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची आठवण ठेवणारं. २०२१ पासून मुंबईहून 'कॉर्डेलिया'चं जहाज निघायला लागलं. ते दीड हजाराहून जास्त प्रवासी नेणारं आहे. १९९० साली बांधलेलं हे जहाज परदेशी कंपनीकडे बरीच वर्षं चाललं आणि मग आपल्याकडे आलं. म्हणजे जहाज नवंकोरं नाही, पण मोठं आहे.

आता दराकडे येऊ. दर हंगामाप्रमाणे बदलतात, शनिवार-रविवार आणि दिवाळी-नाताळात चढतात. म्हणून पुढचे आकडे आम्ही हिशेब समजावा एवढ्यासाठी धरले आहेत. तुम्ही कराल तेव्हा त्या दिवसाचे खरे आकडे घाला.

समजा जाहिरातीत लिहिलंय माणशी १४,००० रुपये. हा दर बहुतेक वेळा एका खोलीत दोघी धरून असतो. एकटी गेली तर जवळजवळ दोघींचे पैसे पडतात. या १४,००० च्या खाली बारीक अक्षरांत जे असतं ते वाचायला आम्हाला चष्मा काढावा लागला. बंदराचं शुल्क वेगळं, ते धरू २,५००. सेवेचं शुल्क दर रात्रीचं वेगळं, दोन रात्रींचे १,०००. कर ९००. झाले १८,४००.

इथं बहुतेकांचा हिशेब थांबतो. पण आपण काय बंदरावर राहतो का? आपण राहतो सोलापूर जिल्ह्यात. म्हणून हिशेब आपल्या उंबऱ्यापासून धरायचा आणि परत उंबऱ्यापर्यंत आणायचा. एसटीत २०२३ च्या मार्चपासून आपल्याला अर्धं तिकीट आहे, म्हणून जाऊन-येऊन ७०० धरले. जहाज काही आपल्या एसटीची वाट बघत नाही, त्यामुळे आदल्या रात्री मुंबईत मुक्काम, माणशी ७००. स्टँडपासून बंदरापर्यंत टॅक्सीत वाटणी, येता-जाता २००. वाटेतलं चहा-जेवण ५००. गोव्यात उतरल्यावर गाडी, वाटणीचे ६००. एवढ्यावर सगळ्याजणी हो म्हणाल्या. मग अध्यक्षाबाईंनी हळूच विचारलं, "आणि तिथं नेसायचं काय?" हशा पिकला, पण प्रश्न खरा होता. चप्पल, पिशवी, एखादा नवा ड्रेस, १,४०० लिहिले. बेरीज २२,५००.

म्हणजे १४,००० ची सहल दीडपटीच्या वर गेली. शेतमजुरी दिवसाला ३०० धरली, तर ही ७५ दिवसांची खुरपणी झाली. हे ऐकल्यावर बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

त्यात 'तीन दिवस' म्हणजे काय, तेही बघा. पहिल्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास जहाजावर चढलात आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आठला उतरलात, तर ते ४१ तास होतात. त्यातले चौदा-पंधरा झोपेत. जाहिरातीत तीन दिवस, प्रत्यक्षात दीड दिवसाहून जरासं जास्त. गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागतं. तिथून फोंड्याकडे मंगेशीला किंवा शांतादुर्गेला जाऊन यायचं तर आधीच गाडी ठरवावी लागते, आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. काही सहलींत तर जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, समुद्रात जाऊन फिरून येतं. गोवा दिसेल असं समजून पैसे भरण्याआधी विचारून घ्यावं, "जहाज कुठं लागणार, किती वाजता, आणि खाली उतरायला किती तास?"

खोलीचं तर आम्हालाही नवल वाटलं. सगळ्यात स्वस्त दर असतो तो आतल्या खोलीचा. तिला खिडकीच नसते! समुद्र बघायला जायचं आणि चार भिंती बघायच्या, असं एका आजीनं म्हटलं. पण याला दुसरी बाजू आहे. वरचा मोकळा डेक सगळ्यांनाच खुला असतो, महागड्या खोलीवाल्यांना आणि आपल्यालाही. खोली झोपेपुरती, बसायचं वर. खिडकीसाठी किंवा सज्जासाठी हजारो रुपये जास्त देण्यात आम्हाला तरी शहाणपण दिसत नाही. एका खोलीत चौघी गेल्या तर तिसरी-चौथीला दर कमी पडतो. मात्र त्या दोघींची झोपायची जागा भिंतीतून उघडणाऱ्या वरच्या फळीवर असते आणि शिडी चढावी लागते. गुडघेदुखीवालीला ती जागा देऊ नका. ज्यांना एसटीत घाट लागतो, त्यांना बोटही लागू शकते. अशांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली मागावी, तिथं हेलकावा कमी जाणवतो. गोळी मात्र डॉक्टरांना विचारूनच. गरोदर असाल तर आधी जहाजाचे नियम विचारा, दिवस भरत आलेले असतील तर चढू देत नाहीत.

जेवण दरातच असतं आणि भरपूर असतं, ही जमेची बाजू. नाश्ता, दुपारचं, रात्रीचं, शाकाहारीही. संध्याकाळी नाचगाण्याचे खेळ असतात, तेही त्यातच. पण शीतपेय, दारू, खास हॉटेलातलं जेवण, इंटरनेट, मालिश यांचे पैसे वेगळे. जुगाराचा अड्डाही जहाजावर असतो. घरची मंडळी बरोबर येणार असतील तर तेवढं ध्यानात ठेवा, जास्त सांगायला नको. बहुतेक जहाजांवर रोख चालत नाही, कार्डावर खर्च चढत जातो आणि उतरताना आकडा कळतो. किनारा दूर गेला की मोबाइलला रेंज नसते. यावर एक सून पटकन म्हणाली, "हे तर बरंच झालं!"

आणि इथंच बैठकीचा रंग बदलला. एक मावशी, साठीच्या पुढच्या, सगळं ऐकून म्हणाल्या, "बाई, मला समुद्राचं काय नाही. मला दोन दिवस कुणी चहा मागू नये एवढंच पाहिजे." मग आम्ही प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, तुम्हाला यातलं नेमकं काय हवंय? पाचजणींना समुद्र बघायचा होता. तिघींना गोवा. चौघींना विश्रांती हवी होती, म्हणजे आयतं ताट, पडून राहणं आणि कुणाची हाक नाही.

आम्हाला वाटतं, परवडतं की नाही याचं उत्तर या प्रश्नात आहे. समुद्रच बघायचा असेल तर २२,५०० देऊ नका. अलिबागला चला. ओहोटीला कुलाबा किल्ल्यात पायी जाता येतं, भरती-ओहोटीची वेळ मात्र तिथल्या माणसांना विचारून. मुरूडजवळ राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिऱ्याला जाता येतं. मोठ्या बोटीत बसायचं असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट आहे, गाड्यासुद्धा पोटात घेते, तासाभराचा प्रवास. कोकणात घरगुती मुक्कामाची सोय आहे, काही ठिकाणी बचत गटाच्या बायकाच स्वयंपाक करतात. तिथं ताटही आयतं मिळतं. एसटीच्या अर्ध्या तिकिटात, तीन दिवसांचे साडेचार हजार धरले तरी पुष्कळ झाले. गोवा बघायचा असेल तर रेल्वेनं जावं, तिथं दोन दिवस राहावं. जहाजातून उतरून चार-पाच तासांत गोवा बघून होत नाही.

पण ज्या चौघींना विश्रांती हवी होती, त्यांना आम्ही "जाऊ नका" म्हणू शकलो नाही. नातेवाइकांच्या घरी गेलं तरी आपण ओट्याशी उभ्या राहतो. देवदर्शनाला गेलं तरी डबे आपणच बांधतो, लेकरं आपणच धुतो. जहाजावर ओटाच नाही. आयुष्यात एकदा ४१ तास असे मिळावेत याची किंमत कुणाला ७५ दिवसांची खुरपणी वाटेल, कुणाला वाटणार नाही. ती जिची तिनं ठरवावी.

पैसे कुठून आणायचे, यावर मात्र आम्ही ठाम आहोत. बैठकीत कुणीतरी म्हणालं, गटातून कर्ज उचलू. आम्ही वहीच मागितली. गटाकडे सगळे मिळून १,१२,००० रुपये, त्यातले ७०,००० आधीच कर्जात फिरत होते. हातात राहिले ४२,०००. म्हणजे दोघींचीही सहल त्यात पुरती बसत नाही. समजा एकीनं २०,००० घेतले, शेकडा दोन महिना व्याजानं. दर महिन्याला मुद्दल सारखं फेडत गेली, तर वर्षभरात २,६०० रुपये व्याज जातं. मुद्दल न फेडता नुसतं व्याज देत राहिली तर ४,८००. सहल दीड दिवसाची, फेड वर्षाची. त्याच आठवड्यात एकीला मुलीची नर्सिंगची फी भरायची होती आणि ती वहीकडे बघत गप्प बसली होती. बँकेनं गटाला दिलेलं कर्ज तर यासाठी नाहीच नाही. एकीचा हप्ता थकला की पुढच्या वेळी बाराजणींचं दार बंद होतं.

म्हणून मार्ग एकच, वेगळी बचत. महिन्याला १,५०० बाजूला टाकले तर पंधरा महिन्यांत २२,५०० होतात. शेळी विकून एकदम टाकायचे नाहीत. आणि मध्ये दुखणं आलं तर ते पैसे खुशाल वापरायचे.

बुकिंगबद्दल थोडं. पैसे एजंटाच्या स्वतःच्या खात्यावर भरू नका. कंपनीची पावती, बुकिंगचा नंबर आणि तिकिटावर आपलं नाव हे तिन्ही हातात आल्याशिवाय पुढचा रुपया द्यायचा नाही. गावोगाव 'लकी ड्रॉ'मध्ये बोटीची सहल लागली म्हणून फोन येतात आणि 'फक्त कर भरा' म्हणतात, ते फोन ठेवून द्या. तिकीट रद्द करण्याचे नियम आधी वाचा, कारण तारीख जवळ आली की पैसे जवळजवळ परत मिळत नाहीत. आपल्याकडे सुतक पडतं, लेक बाळंतपणाला येते, डाळिंबाचा व्यापारी नेमका त्याच दिवशी येतो. पावसाळा टाळा, समुद्र खवळलेला असतो. ज्वारी काढायच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत जमलं तर हवा चांगली असते, पण नाताळचा आठवडा सोडून. आणि आधार कार्डावरचं नाव तिकिटाशी जुळलं पाहिजे. आपल्यातल्या कितीतरीजणींचं आधारवर माहेरचं नाव असतं आणि बँकेत सासरचं.

त्या गटाचं काय ठरलं, ते सांगतो. आठजणी दिवाळीनंतर एसटीनं मुरूड-जंजिऱ्याला निघाल्या आहेत. त्या मावशींसकट चौघींनी जहाजासाठी वेगळी वही घातली आहे, पहिले १,५०० जमाही झाले. नर्सिंगची फी गटातून गेली. आणि त्या चौघींपैकी दोघी येत्या सोमवारी आधारवरचं नाव दुरुस्त करायला तालुक्याला जाणार आहेत. शेळ्यांच्या विम्याचे कागदही त्याच फेरीत देणार आहेत, ते मागच्या वेळेपासून राहिलेत.