नंबर निपाणीचा, प्रत कुठली?

पुस्तक बाहेर गेलेलं असलं की सभासद म्हणतो, "माझा नंबर लावून ठेवा." वाचनालय एकच असेल तर वहीत नाव लिहून भागतं. पण शाखा पाच-सात झाल्या, एकाच पुस्तकाच्या प्रती तीन गावांत असल्या, की प्रश्न बदलतो. नंबर आला, आता प्रत कुठल्या गावच्या कपाटातून काढायची?

'कोहा' ही संगणकप्रणाली हे ठरवते, पण ते ग्रंथपालाने नेमून दिलेल्या क्रमाने. हा क्रम म्हणजे सेटिंगच्या पानावरची एक साधी चौकट. बसवणाऱ्या माणसाने ती रिकामी सोडली तरी सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं, म्हणून तिच्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. माझ्या मते मात्र कुठल्या शाखेचं कपाट रिकामं व्हायचं आणि कुठल्या वाचकाने थांबायचं, याचा निकाल तिथेच लागतो.

कोहाचा जन्म न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातला. लेव्हिन, फॉक्सटन, शॅनन अशा छोट्या गावांत वाचनालयं चालवणाऱ्या तिथल्या ट्रस्टची जुनी प्रणाली २००० साल ओलांडू शकणार नव्हती. काटिपो कम्युनिकेशन्स या कंपनीने १९९९ मध्ये नवी लिहिली, २००० च्या जानेवारीत ती सुरू झाली आणि सगळ्यांना मोफत खुली केली गेली.

तिचं काम असं चालतं. ठरावीक वेळाने, बहुधा तासातासाला, एक प्रोग्राम प्रलंबित मागण्या आणि कपाटात असलेल्या प्रती समोरासमोर मांडतो. सभासद जिथून पुस्तक नेणार त्या शाखेत प्रत असेल तर तीच. नसेल तर ग्रंथपालाची यादी: आधी ही शाखा, मग ती. यादी कोरी ठेवली तर सगळ्याच शाखा मागणीला बांधील. क्रम न पाळता चिठ्ठी टाकल्यासारखी निवड करायची सोयही आहे. मोठ्या शाखांची नावं आधी आणि लहानांची शेवटी लिहिली की लहान शाखांवरचा भार हलका होतो. यादीत नावच नसलेल्या शाखेकडे मागणी जात नाही.

आता हे आपल्या भागावर लावून पाहू. समजा एका जाळ्यात बेळगाव, खानापूर, चिकोडी आणि निपाणी अशा चार शाखा आहेत. निपाणीच्या वाचकाने महादेव मोरे यांचं पुस्तक मागितलं. निपाणीत पिठाची गिरणी चालवत ज्यांनी या गावाची माणसं मराठीत आणली, त्यांचंच पुस्तक. निपाणीची प्रत बाहेर आहे. खानापूर आणि चिकोडीत एकेक शिल्लक. यादी 'बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी' अशी असेल तर प्रत खानापुरातून निघेल, बेळगाव ओलांडून शंभरेक किलोमीटर येईल. चिकोडी पंचवीसेक किलोमीटरवर असून तिथली प्रत जागची हलणार नाही. यादीचा दोष हाच, की मागणारा कुठलाही असो, क्रम सगळ्यांना एकच.

त्यावर कोहाने दिलेला उपाय म्हणजे वाहतूक-खर्चाचा तक्ता. आडव्या-उभ्या ओळींत शाखा, प्रत्येक घरात एका गावाहून दुसऱ्या गावाला पुस्तक न्यायचा खर्च. आकडा रुपयांचाच हवा असं नाही. किलोमीटर चालतात, टपालाचे टप्पे चालतात. जाण्याचा आणि येण्याचा आकडा वेगळा टाकता येतो. बेळगावहून निपाणीला गाडी रोज जात असेल आणि परतीची सोय आठवड्याने असेल, तर तेही मांडता येतं. जिथून पुस्तक मुळीच जाऊ द्यायचं नाही ते घर तांबडं होतं. तक्ता चालू केला की यादी बाजूला पडते.

आणि इथेच सीमाभागाचं दुखणं उघडं होतं. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. निपाणी या दोघांच्या मधे, पुणे-बंगळूर महामार्गावर: बेळगाव पंचाहत्तरेक किलोमीटर, कोल्हापूर चाळीसच्या आसपास. तक्त्यात नुसतं अंतर भरलं तर निपाणीकराला पुस्तक कोल्हापुरातून यायला हवं. पण १ नोव्हेंबर १९५६ पासून ही दोन गावं दोन राज्यांत आहेत आणि त्यांचे ग्रंथालय कायदेही निराळे. कर्नाटकाच्या १९६५ च्या कायद्यात ग्रंथालय उपकर आहे आणि सरकारी खात्याखालची मध्यवर्ती ग्रंथालयं व त्यांच्या शाखा आहेत. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात उपकर नाही. स्थानिक मंडळींनी चालवलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड वर्गानुसार अनुदान मिळतं. करवीर नगर वाचन मंदिर ही कुणाची शाखा नव्हे. त्यामुळे हे घर तांबडंच राहतं आणि ते वाचकाच्या सोयीने ठरलेलं नाही. निपाणीला लागून असलेलं अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. निपाणीची मुलं तिथे शिकायला जातात. मुलं जिथे रोज जाऊ शकतात, तिथे पुस्तकांच्या जाण्यायेण्याचा करार दोन संस्थांना आपसांत करता यायलाच हवा.

आणखी एक कळ आहे, स्थानिक वाचकाला अग्रक्रम देण्याची. ती दाबली की खानापूरच्या कपाटातली प्रत, रांगेत बेळगावचा सभासद पुढे असला तरी, आधी खानापूरकराला मिळते. बेळगावकराला हे खटकेल. तरीही मी ती चालू ठेवण्याच्या बाजूने आहे. शहराला दुसरी प्रत विकत घेता येते; तालुक्याची एकुलती प्रत गेली की तिथला वाचक महिनाभर हात हलवत परततो.

सुट्ट्यांचंही बघावं लागतं. बंद असलेल्या शाखेकडे मागणी पाठवू नये, असं प्रणालीला सांगता येतं, मात्र त्यासाठी प्रत्येक शाखेचं कॅलेंडर वेगळं भरलेलं हवं. मुख्य शाखेचंच सगळीकडे डकवलं, तर स्थानिक यात्रेला कुलूप लागलेल्या शाखेच्या नावावर मागणी पडून राहते.

म्हणून तक्त्यातली निपाणीची ओळ निपाणीच्या ग्रंथपालाने भरावी, चिकोडीची चिकोडीच्या. कुठली गाडी कधी सुटते आणि पुस्तकांचा गठ्ठा कोण घेतो, हे त्यांनाच ठाऊक असतं.