पुन्हा कधी येशील?

बोईसरहून डहाणू-विरार लोकल पकडली की उमरोळी आणि मग पालघर. स्टेशनबाहेरून रिक्षाने थोडं आत गेलं की सिस्टरांनी चालवलेलं एक बालगृह आहे. मुलांसाठी त्याचं नाव लिहीत नाही. पहिल्या रविवारी मी रंगपेट्या, वह्या आणि खाऊ घेऊन गेले होते. पायरीवर सात-आठ वर्षांची एक मुलगी बसली होती. तिने पिशवीकडे पाहिलंही नाही. विचारलं, "पुन्हा कधी येशील?" मी म्हटलं, "लवकरच." तिने मान वळवली आणि आत निघून गेली.

तिथल्या सिस्टरांनी मला नंतर समजावलं. रविवारी माणसं भरपूर येतात. कोणाचा वाढदिवस असतो, कोणाच्या आईवडिलांचं वर्षश्राद्ध, कधी एखाद्या कंपनीचे लोक. जेवण वाढतात, फोटो काढतात, मुलांना मांडीवर घेतात आणि जातात. "तुम्हाला मंगळवारी जमेल का?" त्या म्हणाल्या. "मंगळवारी कोणी येत नाही." तेव्हापासून माझा वार मंगळवार. उवा काढायच्या, पाढे म्हणून घ्यायचे, गाद्या उन्हात टाकायच्या, खरूज झालेल्या पोराच्या बोटांच्या बेचक्यात मलम लावायचं. स्वयंसेवा म्हणतात ती बहुतेक एवढीच असते, आणि तिचं मोल ती चुकवली नाही तरच.

आमच्या भागात मुलं का सोडली जातात, हे बोईसरला राहणाऱ्याला फार शोधावं लागत नाही. 1969 मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, मग एमआयडीसी वाढली. रसायनं, कापड, पोलाद. देशभरातून माणसं इथे आली, चाळीत एका खोलीत पाच-सहा जण राहू लागली. गावची आजी, मावशी, जाऊबाई मागे राहिली. नवरा सोडून गेला, अपघात झाला किंवा लग्नाआधी दिवस गेले, तर त्या बाईच्या हातातलं मूल धरायला दुसरा हात नसतो. दुसऱ्या बाजूला जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची वारली, कातकरी कुटुंबं. भात कापून झाला की ती वीटभट्टीवर, रेतीवर, बांधकामावर निघतात. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला, कचेऱ्या जवळ आल्या, पण कुटुंबांचं हे दरवर्षीचं उठणं थांबलं नाही. म्हणून "टाकून दिलेलं मूल" हा शब्द मी वापरत नाही. बहुतेक वेळा टाकलेलं नसतं, हातून सुटलेलं असतं. 2015 च्या बाल न्याय कायद्यानेही हे ओळखलं आहे. आवाक्याबाहेरच्या परिस्थितीमुळे आईबापांनी मूल सोडलं असेल, तर ते जाणूनबुजून केलं असं तो कायदा मानत नाही.

असं मूल सापडलं की 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. त्यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत. समिती त्याला बालगृहात किंवा दत्तक संस्थेत ठेवते आणि आईवडिलांचा शोध घेते. कोणीच मिळालं नाही, तर दोन वर्षांखालच्या बाळाला दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्याला चार महिन्यांत दत्तक देण्यास मोकळं जाहीर करायचं असतं. आई स्वतः समितीसमोर मूल सोपवत असेल तर तिला फेरविचाराला साठ दिवस मिळतात. या साठ दिवसांत बाळाला दर तीन तासांनी दूध पाजणारं, रात्री उठणारं कोणीतरी लागतं. कायदा तारीख ठरवून देतो, रात्र कोणी जागवायची ते त्यात लिहिलेलं नसतं.

मंगळवारी परतताना गाडीत मी केडगावबद्दल वाचायला लागले. पुणे-दौंड मार्गावरचं केडगाव, पंडिता रमाबाईंचं मुक्ती सदन. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी तिथे रात्री जागवण्याचा प्रश्न एका बाईसमोर आला होता, आणि तिने तो ज्या पद्धतीने सोडवला ती मला आजही सर्वांत शहाणी वाटते.

रमाबाईंना भूक पुस्तकातून कळलेली नव्हती. 1858 मध्ये जन्मलेली ही अनंतशास्त्री डोंगऱ्यांची मुलगी. आईवडिलांकडून संस्कृत शिकली, पुराणं सांगत कुटुंबाबरोबर देशभर चालली. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात काही महिन्यांच्या आत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास आणि ती, दोघंच उरली. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, आणि 1882 मध्ये पटकीने तेही गेले. पदरात मनोरमा, एवढीशी मुलगी. ज्या बाईने इतकी माणसं इतक्या लवकर गमावली, तिने पुढे दोन हजारांच्या घरात माणसांचं घर मांडलं.

पण आधी शारदा सदन. 11 मार्च 1889 ला मुंबईत चौपाटीजवळ विधवांसाठी सुरू झालेली ही शाळा पुढच्याच वर्षी पुण्याला गेली. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. 1893 मध्ये त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, त्या आनंदीबाई कर्वे झाल्या, आणि नंतर कर्व्यांच्या आश्रमासाठी घरोघर वर्गणी मागत फिरल्या. त्याच 1893 मध्ये शारदा सदनावर वादळ आलं. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला होता. सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात असं कळल्यावर केसरीने कडाडून टीका केली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात मी रमाबाईंना सरसकट निर्दोष ठरवणार नाही. ज्याच्या घरात मूल जेवतं त्याच्या देवाचा शब्द त्या मुलावर जड पडतो, हे पालघरच्या बालगृहात सिस्टरांनाही माहीत आहे आणि त्या ते मोकळेपणी बोलतात. पण पुढे जे झालं तेही तितक्याच मोकळेपणी सांगायला हवं.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथल्या उपाशी मुली, बायका घेऊन परतल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता. इतक्या जणींना शहरात ठेवणं अशक्य होतं. केडगावला त्यांनी शारदा सदनाच्या खर्चासाठी आधीच सुमारे शंभर एकर जमीन घेतलेली होती. तिथे तंबू आणि छपरं उभी राहिली, विहिरी खणल्या, आणि पुढे मुक्ती सदनाचं पक्कं बांधकाम सुरू झालं. 1900 च्या दुष्काळात त्यांनी आपली माणसं गुजरातेत पाठवली. मुक्तीतली संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

इथे माझं सगळं लक्ष एका गोष्टीवर अडकतं. खरजेने भरलेल्या, पोट पाठीला लागलेल्या, आईचं नाव न सांगता येणाऱ्या शेकडो मुलींना अंघोळ कोणी घातली? शारदा सदनातल्या विधवा मुलींनी. ज्यांना घराने ओझं ठरवलं होतं, त्यांनाच रमाबाईंनी या मुलींची आई केलं. मुलींचे गट पडले, प्रत्येक गटाची एक मोठी बाई. काल आलेली उद्या धाकटीला सांभाळू लागली. बाहेरून मदतीला आलेल्याही होत्या. सुंदराबाई पवार होत्या. अमेरिकन मिनी एब्रम्स 1887 पासून मुंबईत मिशनचं काम करत होत्या, त्या केडगावला आल्या आणि रमाबाई 1898 मध्ये अमेरिकेला गेल्या तेव्हा त्यांनी मुक्ती सांभाळली. पण घराचा कणा आतल्या बायकांचा होता. पाहुणा कितीही प्रेमळ असला तरी संध्याकाळी जातो. ज्याचं अंथरूण त्याच खोलीत आहे, त्याच्यावरच मूल विश्वास टाकतं.

पैशाचं गणित श्रद्धेचं होतं. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरांनी कोणाकडे मागणी न करता प्रार्थनेवर अनाथालय चालवलं, ते रमाबाईंनी वाचलेलं होतं. पण हात जोडून बसणं म्हणजे श्रद्धा, असं त्यांनी कधी मानलं नाही. केडगावला शेती, फळबाग, दुभती जनावरं, विणकाम, तेलाचा घाणा, सगळं होतं. समाजाने ज्यांना पतित म्हटलं त्यांच्यासाठी कृपा सदन, अंध मुलींसाठी बार्तिमी सदन, वृद्धांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन. मनोरमा ब्रेल शिकून आली आणि अंध मुलींना वाचायला शिकवू लागली.

आणि छापखाना. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, छापणाऱ्या, बांधणी करणाऱ्या बायका मुक्तीतल्याच होत्या. दुष्काळात रस्त्यावरून उचललेली मुलगी कंपोझिटर होते, ही त्या घराची मला वाटणारी सर्वांत मोठी कमाई. 1921 च्या जुलैत मनोरमा गेली, चाळिशीत. रमाबाईंनी शेवटची मुद्रितं तपासून संपवली आणि 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. छापून पूर्ण बायबल 1924 मध्ये आलं. मुक्ती मिशन आजही केडगावात आहे.

हे वाचून झाल्यावर पालघरच्या त्या घराकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. तिथे स्वयंपाकघर सांभाळणारी ताई त्याच घरात वाढलेली आहे. सिस्टरांची बदली होते, देणगीदार बदलतात, आम्ही मंगळवारवाले कधी आजारी पडतो. ती ताई मात्र असते. नवं मूल रात्री रडू लागलं की ते तिच्याकडेच सरकतं. माझं काम त्या ताईला दोन तास मोकळीक देणं, हे मला कळायला वर्ष लागलं.

ज्यांना अशा घरात जावंसं वाटतं त्यांना माझी विनंती आहे. आधी त्या संस्थेची बाल न्याय कायद्याखालची नोंदणी पाहा. संस्थेने तुमची चौकशी केली, ओळखपत्रं मागितली तर राग मानू नका, मुलांसाठी ती हवीच. मुलांचे फोटो काढू नका. त्यांची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. "तुझे आईबाबा कुठे?" हे विचारू नका. दत्तक देण्याघेण्याच्या गोष्टी मुलांसमोर बोलू नका. आठवड्याचा एक वार धरा, तोही रिकामा असलेला, आणि तो किमान एक वर्ष पाळा. तेवढं जमणार नसेल तर धान्य, साबण, औषधं पोहोचवा, त्यांचीही गरज असते. आणि स्टेशनवर, भट्टीवर, नाक्यावर एकटं मूल दिसलं तर स्वतः घरी नेऊ नका, 1098 वर फोन करा.

ती पायरीवरची मुलगी आता सहावीत आहे. अपूर्णांकात अडते. येत्या मंगळवारी आम्हाला ते पुन्हा घ्यायचे आहेत.