प्रकल्प व्यवस्थापनाची पदवी : कोणी घ्यावी, केव्हा घ्यावी?

सांगोला : पदवी हाती पडल्यावर पुढे काय, हा प्रश्न सांगोल्यासारख्या दुष्काळी तालुक्यात एकट्या विद्यार्थ्याचा राहत नाही. शिक्षणासाठी कर्ज काढायचे की डाळिंबाची नवी लागण करायची, असा तो साऱ्या घराचा प्रश्न होतो. या प्रश्नाला मिळणाऱ्या उत्तरांमध्ये अलीकडे 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट' अर्थात प्रकल्प व्यवस्थापन हे नाव वारंवार ऐकू येते. नाव भारदस्त आहे आणि जाहिरातीही भरपूर आहेत. मात्र या विषयात नेमके काय शिकवतात आणि त्याचा उपयोग कोणाला होतो, याची माहिती पुरेशी पोहोचलेली नाही.

ज्या कामाला निश्चित आरंभ, निश्चित शेवट आणि ठरावीक पैसा असतो, ते काम म्हणजे प्रकल्प. डाळिंबाची बाग दरवर्षी सांभाळणे हे नित्याचे काम झाले. दोन एकर पडीक रानात नवी बाग उभी करणे हा प्रकल्प. खड्डे उन्हाळ्यात घेऊन तापू द्यावे लागतात, शेणखत भरावे लागते, ठिबकच्या नळ्या अंथराव्या लागतात आणि रोपे वेळेवर हाती यावी लागतात. यातील काही कामे एकाच वेळी चालू शकतात, तर काही एकामागूनच एक करावी लागतात. ज्या साखळीतील एक काम एक दिवस लांबले की सारा प्रकल्पच एक दिवस लांबतो, त्या साखळीस या शास्त्रात 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. अमेरिकेतील ड्यूपाँट या रसायन कंपनीत १९५७च्या सुमारास ही पद्धत विकसित झाली. पाठोपाठ अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी 'पर्ट' ही पद्धत वापरली. आजही अभ्यासक्रमाचा पाया याच दोन पद्धतींवर उभा आहे. त्यांच्या जोडीला खर्चाचा अंदाज, जोखमीचा विचार, निविदा व करार, मनुष्यबळ आणि गुणवत्ता हे विषय असतात. संगणक क्षेत्रासाठी 'अ‍ॅजाइल'सारख्या पद्धतीही शिकवल्या जातात.

सांगोलेकरांना यातील बऱ्याच गोष्टी वेगळ्या नावाने ठाऊक आहेत. मिरज-कुर्डुवाडी लोहमार्गावरील सांगोला स्थानकातून २८ डिसेंबर २०२० रोजी देशातील शंभरावी किसान रेल्वे पश्चिम बंगालमधील शालिमारकडे रवाना झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे तिला हिरवा झेंडा दाखवला. नाशवंत माल दोन हजारांहून अधिक किलोमीटर अंतरावर पोहोचवायचा, तर तोडणी, प्रतवारी, पेट्या भरणे आणि डबा भरणे यांपैकी कुठेही खंड पडून चालत नाही. वेळापत्रक चुकले की नुकसान शेतकऱ्याच्या पदरी पडते.

याची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. कृष्णेचे पाणी कऱ्हाड तालुक्यातील टेंभू येथून पाच टप्प्यांत उचलून सातारा, सांगली आणि सोलापूर जिल्ह्यांच्या दुष्काळी भागाला देण्याची योजना १९९६मध्ये मंजूर झाली. सांगोला तालुका तिच्या लाभक्षेत्रात येतो. त्या वेळचा अंदाजित खर्च सुमारे १,४१६ कोटी रुपये होता. पुढील सुधारित अंदाजांत तो ४ हजार कोटींच्या पुढे गेला. वीस वर्षे उलटल्यावरही योजना अपुरीच होती आणि केंद्राने रखडलेल्या ९९ सिंचन प्रकल्पांना प्राधान्य देण्याचे ठरवले, तेव्हा त्या यादीत टेंभूचे नाव होते. व्याप्ती, वेळ आणि खर्च हा पाठ्यपुस्तकातील त्रिकोण. यातील एक बाजू हलली की उरलेल्या दोन हलतात, हे विद्यार्थी पहिल्या सत्रातच शिकतो. पाण्याची वाट पाहण्यात ज्यांची एक पिढी गेली, त्यांना तो फळ्यावर काढून दाखवण्याची गरज नाही.

तेव्हा विषय मोलाचा आहे, याबद्दल दुमत नसावे. प्रश्न आहे तो पदवीचा. एमबीएच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात प्रकल्प व्यवस्थापन हा बहुधा एखादा विषय असतो, स्वतंत्र पदवी क्वचित. बांधकाम व पायाभूत सुविधांच्या क्षेत्रासाठी १९८३मध्ये स्थापन झालेली आणि २०२२पासून खासगी विद्यापीठ झालेली पुण्याची निकमार ही परिचित संस्था आहे. मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये अभियंत्यांसाठी या विषयातील एम.टेक. आहे. याखेरीज अनेक विद्यापीठे दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने हा विषय शिकवतात.

खरा गोंधळ होतो तो पदवी आणि प्रमाणपत्र यांत. जाहिरातींत झळकणारे 'पीएमपी' ही पदवी नव्हे. १९६९मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतील प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटचे ते प्रमाणपत्र आहे. त्याच्या परीक्षेस बसण्यासाठी पदवीधराला प्रकल्प हाताळण्याचा तीन वर्षांचा अनुभव आणि ३५ तासांचे प्रशिक्षण लागते. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला 'पीएमपी करून देतो' असे कोणी सांगत असेल, तर या अटीबद्दल विचारावे. अनुभव नसलेल्यांसाठी याच संस्थेचे 'सीएपीएम' हे प्राथमिक प्रमाणपत्र असते.

ही अट अकारण नाही. ज्याने काँक्रीट ओतले जाताना पाहिले नाही किंवा संगणक प्रणालीची एकही ओळ लिहिली नाही, त्याच्या हाती प्रकल्पाची सूत्रे कोणी लवकर देत नाही. कोकण रेल्वे उभारणारे ई. श्रीधरन हे स्थापत्य अभियंते होते. १९९०मध्ये महामंडळाची धुरा त्यांच्याकडे आली, तेव्हा रेल्वेतील तीन दशकांहून अधिक काळाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. प्रत्येकाने तीस वर्षे थांबावे, असा याचा अर्थ नाही. परंतु दोन-तीन वर्षे प्रत्यक्ष कामावर काढून मग ही पदवी घेणाऱ्यास वर्गातले बरेच काही आपोआप उमगते आणि नोकरी देणाऱ्यालाही सांगण्यासारखे त्याच्याकडे काही असते. थेट प्रवेश घ्यायचाच असेल, तर मूळ विषयाला, म्हणजे स्थापत्य, यंत्र वा संगणक अभियांत्रिकीला, धरून असलेला अभ्यासक्रम निवडणे हिताचे.

पैसे भरण्यापूर्वीची चौकशीही तितकीच महत्त्वाची. दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीसाठी त्या विद्यापीठाला त्या वर्षी, त्याच अभ्यासक्रमाची परवानगी आहे काय, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. अशा प्रवेशासाठी २०२४पासून 'डीईबी आयडी' हा क्रमांक काढावा लागतो. तो न मागता पैसे घेणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे. शुल्क सवलतीचेही तसेच. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असल्यास राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काची निम्मी रक्कम मिळते. २०२४-२५पासून पात्र मुलींसाठी ही सवलत पूर्ण शुल्काची झाली आहे. मात्र प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. खासगी आणि अभिमत विद्यापीठांतील प्रवेशांना हा लाभ नाही. घरातला उत्पन्नाचा दाखला तयार असूनही, अभ्यासक्रमाचे नाव पाहून खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला, तर शुल्काचा सारा भार कुटुंबावरच येतो.