कुत्र्याने बाठा गिळला तर?

पेडणे तालुक्यात चैत्र-वैशाख हे आंब्याचे महिने. मोपा पठाराच्या उतारावरील वाड्यांतून या दिवसांत मानकुरादाचा घमघमाट सुटलेला असतो, आणि आंबे खाऊन झाले की बाठे बहुधा मागील दारी फेकले जातात. त्यांना रस लागलेला असतो. दारचा कुत्रा ते चघळू लागतो आणि पाहता पाहता एखादा गिळूनही टाकतो. मग घरात एकच गोंधळ उडतो. कोणी म्हणतो, मीठपाणी पाजा. कोणी म्हणतो, केळे चारा. आणि कोणी ‘पडेल उद्या आपोआप’ म्हणून स्वस्थ बसतो. या तीन सल्ल्यांपैकी पहिला घातक, दुसरा निरुपयोगी, आणि तिसरा कधी खरा ठरतो तर कधी कुत्र्याच्या जिवावर बेततो. असे का व्हावे, हे कळण्यासाठी कुत्र्याचा घास कोणत्या वाटेने जातो ते प्रथम पाहू.

कुत्र्याच्या तोंडात बेचाळीस दात असतात खरे. पण त्याचा जबडा गाई-म्हशींसारखा आडवा हलत नाही. तो फाडतो, तोडतो आणि गिळतो. रवंथ वा बारीक चर्वण त्याच्या नशिबी नाही. त्याची अन्ननलिका बरीच ताणली जाते, त्यामुळे मोठा घासही खाली उतरतो. तरी छातीच्या तोंडाशी, हृदयाच्या वर आणि जठराच्या अलीकडे अशा तीन जागी ती अरुंद असते, आणि हाडाचा तुकडा अडकतो तो बहुधा तेथेच. पुढे जठर म्हणजे ऐसपैस कोठार. परंतु त्या कोठाराचे मागील दार फार लहान आणि त्यापलीकडील आतडे त्याहून चिंचोळे. बाठा नेमका येथे दगा देतो. तो आत सहज जातो, पण बाहेर पडण्याची वाट त्याच्या मापाची नसते. जठरातील आम्ल हाडाला पुष्कळसे मऊ करते. बाठ्याच्या कठीण तंतुमय कवचापुढे मात्र ते हतबल होते. असा बाठा कित्येकदा आठवडेच्या आठवडे जठरात पडून राहतो आणि मग एके दिवशी पुढे सरकून आतड्याला बूच बसवतो. आंब्याचा हंगाम सरल्यावर, मिरगाच्या पावसात कुत्रा ओकू लागला, तर वैशाखातील बाठ्याची आठवण कोणाला होणार?

आपल्या भागात बाठ्याला सोबतीही पुष्कळ आहेत. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर आमिष लावलेली गरी कुत्रे माशाच्या वासाने गिळतात. शिजवलेल्या कोंबडीचे हाड कच्च्या हाडापेक्षा अधिक वाईट, कारण ते मोडताना त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात. आम्हांला सर्वांत भय वाटते ते मात्र साध्या दोऱ्याचे. हाराचा दोरा, पतंगाचा मांजा, चतुर्थीनंतर उतरवलेल्या माटोळीची दोरी, यांचे एक टोक जिभेखाली किंवा जठरात अडकते आणि दुसरे आतड्यात पुढे पुढे ओढले जाते. लेंग्याच्या नाडीवर कापड गोळा व्हावे, तसे आतडे त्या दोऱ्यावर गोळा होते, आणि ताठ झालेला दोरा त्याला आतून कापू लागतो. म्हणून दोऱ्याचे टोक तोंडाबाहेर वा गुदद्वाराबाहेर लोंबत असले, तरी ते कदापि ओढू नये. गरीची दोरी बाहेर असेल, तर ती न ओढता गळपट्ट्याला सैल बांधून ठेवावी, म्हणजे ती आत जाणार नाही आणि पशुवैद्याला तिचा माग काढता येईल. घड्याळातील वा खेळण्यातील चपटी गोल बॅटरी तर आणखी निराळी. ती ओलसर मांसाला चिकटली की दोन तासांच्या आत तेथे खोल भाजते. तेथे वाट पाहण्याचा प्रश्नच नाही.

आता मीठपाण्याविषयी. पुष्कळ मीठ पोटात गेले की रक्तातील क्षार एकदम वाढतो आणि मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. बाठ्यापेक्षा उपायच जीव घेतो. शिवाय ओकारी करवणे प्रत्येक वेळी हिताचे नसते. अणकुचीदार वस्तू वर येताना अन्ननलिका फाडते, रॉकेल वा आम्ल दुसऱ्यांदा भाजते, आणि ओकलेले फुप्फुसात शिरले तर न्यूमोनिया होतो. वस्तू गुळगुळीत असली आणि ती गिळून एक-दोन तासच झाले असले, तर पशुवैद्य स्वतः औषध टोचून ओकारी करवतात. ती निवड त्यांच्यावर सोडावी. केळे वा भात चारण्यानेही अडचणच होते, कारण भूल द्यावयाची वेळ आली तर पोट रिकामे हवे.

वस्तू पोटात न जाता श्वासाच्या वाटेवर अडकली, तर मात्र दवाखाना गाठण्याइतका अवकाश नसतो. कुत्रा पंजांनी तोंड ओरबाडतो, हिरड्या निळसर पडतात. अशा वेळी एका मोठ्या माणसाने जबडा उघडा धरावा आणि दुसऱ्याने, वस्तू दिसत असेल तरच, चिमट्याने ती काढावी. लहान कुत्र्याला मागील पाय धरून उलटे करावे. मोठ्याच्या मागे उभे राहून बरगड्यांखाली पोटावर वर-पुढे असा झटका द्यावा. माणसासाठी हीच युक्ती हेन्री हाइमलिक या अमेरिकन शल्यवैद्याने 1974 साली मांडली. जातककथांतील सुतार पक्ष्याने सिंहाच्या घशातील हाड काढण्यापूर्वी त्याच्या जबड्यात काठी उभी केली होती. तो पक्षी आमच्या मते मोठा व्यवहारी!

कारण घशात हाड अडकल्यासारखा दिसणारा प्रत्येक कुत्रा हाड अडकलेला असतोच असे नाही. खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, भुंकण्याचा आवाज बदलतो, ही मूक प्रकारच्या रेबीजचीही लक्षणे आहेत. दयेपोटी हाड शोधण्यास हात घालणारा मुलगा त्या लाळेत हात घालत असतो. गोव्यात 2014 पासून ‘मिशन रेबीज’ आणि सरकार यांनी कुत्र्यांना घरोघर व रस्तोरस्ती लस टोचण्याचे मोठे काम केले, आणि 2021 साली राज्य ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ म्हणून जाहीर झाले. परंतु मोपा सरहद्दीवर आहे, आणि पलीकडून येणारा कुत्रा नाक्यावर थांबत नाही. तेव्हा अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालूच नये. लाळ खरचटलेल्या जागी, डोळ्यांत किंवा तोंडात गेलीच, तर तो भाग वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावा, जखमेला साबणही लावावा, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन लस घ्यावी. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगावर बहुतेक उपाय चालत नाही. त्याआधी मात्र लस चालते, हे पाश्चरने 1885 मध्येच दाखवून दिले.

घरच्या कुत्र्याने काही गिळल्याचे पाहिले, तर गुरांच्या दवाखान्यात नेताना तीन गोष्टी सांगाव्यात: काय, केवढे आणि केव्हा. तसाच दुसरा बाठा, फुटलेल्या खेळण्याचा उरलेला भाग, बॅटरीचे वेष्टन, जे असेल ते बरोबर न्यावे. क्ष-किरणांच्या चित्रात गरी, नाणे आणि बहुतेक हाडे स्पष्ट दिसतात. बाठा, कापड, प्लॅस्टिक सहसा नीट दिसत नाहीत. तेथे सोनोग्राफी लागते, आणि घरच्यांची साक्ष तिच्याइतकीच मोलाची ठरते. गुळगुळीत व लहान वस्तूसाठी पशुवैद्य कधी ‘दोन-तीन दिवस विष्ठा तपासा’ असे सांगतात. ते किळसवाणे वाटले, तरी काडीने नीट तपासावे. दरम्यान पुन्हा पुन्हा ओकारी, अन्नपाणी वर्ज्य, शौचास न होणे, विष्ठा काळी होणे, किंवा पुढचे पाय पसरून मागचा भाग उंच धरणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी निघावे. आतड्याला बूच बसले की तेथील रक्तपुरवठा तुटतो आणि आतडे सडून फुटते. त्याआधी पोट उघडले, तर बाठा काढून टाके घालणे एवढेच काम असते.

शस्त्रक्रियेनंतर पशुवैद्य सांगतील तेव्हापासून पातळ पेज थोडी थोडी, दिवसातून चार-पाच वेळा द्यावी. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेला पुठ्ठ्याचा वा प्लॅस्टिकचा नरसाळा कुत्र्याला मुळीच आवडत नाही. तो केविलवाणे तोंड करतो, आणि मुलांना दया येऊन ती नरसाळा काढून टाकतात. टाके निघेपर्यंत तो तसाच राहू द्यावा, आणि बाठ्यांसाठी मागील दारी एक खोल खड्डा खणून त्यावर झाकण ठेवावे.