अल्प खर्चात श्रीलंका : किनाऱ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत



परदेश प्रवास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लाखांचे आकडे उभे राहतात. हा श्रीमंतांचा शौक आहे, नोकरदार, कामगार किंवा विद्यार्थ्याने त्या वाटेला जाऊ नये, अशी आपली समजूत असते. आपल्यापैकी जे जातात ते बहुधा एखाद्या सहल कंपनीच्या जथ्यातून जातात. वातानुकूलित बस, दिवसाला तीन विहार, बसच्या काचेतून समुद्र, संध्याकाळी हॉटेलात भारतीय जेवण आणि आठव्या दिवशी घरी. खर्च मोठा होतो आणि त्या देशातल्या एकाही माणसाशी बोलणे होत नाही. श्रीलंका याहून पुष्कळ कमी पैशांत आणि पुष्कळ चांगल्या रीतीने पाहता येते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

मे १९५० मध्ये परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर श्रीलंकेला गेले होते. जागतिक बौद्ध भ्रातृसंघाची पहिली परिषद त्या वेळी कँडी येथे भरली होती. तेथे बोलताना त्यांनी आपल्या येण्याचे हेतू सांगितले. बौद्धांचे विधी कसे असतात, बुद्धाचा धम्म कितपत शुद्ध स्वरूपात पाळला जातो आणि तो लोकांच्या जीवनात कितपत जिवंत आहे, हे त्यांना पाहायचे होते. आपल्या प्रवासालाही हाच हेतू ठेवला तर कमी खर्चाचा प्रवास ही नाइलाजाची गोष्ट राहत नाही. धम्म लोकांच्या रोजच्या जगण्यात कितपत आहे हे तिसऱ्या वर्गाच्या डब्यात आणि लाल सरकारी बसमध्ये दिसते. आरामबसमध्ये ते दिसायचे कसे?

आधी खर्चाचे पाहू. सर्वांत मोठी रक्कम विमानाच्या तिकिटाची. मुंबईहून कोलंबोला थेट विमाने आहेत. पण रेल्वेने चेन्नईला जाऊन तेथून विमान धरले तर बऱ्याचदा पैसे वाचतात, आणि चेन्नई-कोलंबो हे अंतर जेमतेम दीड तासाचे आहे. पूर्वी धनुष्कोडीहून तलैमन्नारला आगबोट जात असे. डिसेंबर १९६४ च्या वादळात धनुष्कोडीच उद्ध्वस्त झाले. पुढे रामेश्वरहून चालणारी बोट १९८० च्या दशकात यादवीमुळे बंद पडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तामिळनाडूतील नागपट्टिनमहून उत्तर श्रीलंकेतील कांकेसंथुराईला पुन्हा प्रवासी बोट सुरू झाली, पण हवामानानुसार ती अधूनमधून बंद असते. हाताशी वेळ असलेल्या विद्यार्थ्यांनी तिचा विचार करावा. कुटुंबाने तिच्या भरवशावर रजा टाकू नये.

पासपोर्ट नसेल तर तो आजच काढायला घ्या. ३६ पानी साध्या पासपोर्टचे शुल्क १५०० रुपये आहे. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या वेळी किमान सहा महिने शिल्लक असावी. श्रीलंकेचा प्रवेश-परवाना निघण्यापूर्वी ऑनलाइन काढायचा असतो. त्याचे शुल्क व नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच ते पाहावेत, दलालाच्या शब्दावर राहू नये. एका भारतीय रुपयाला श्रीलंकेचे तीनाहून अधिक रुपये मिळतात. २०२२ च्या आर्थिक संकटात तेथील चलन कोसळले, त्याचा हा परिणाम. महागाईही त्याच वेळी वाढली, म्हणून फार हुरळून जाऊ नये. प्राचीन स्थळांवर परदेशी पाहुण्यांना जबर प्रवेश-शुल्क असते. पण सार्क देशांच्या नागरिकांना अनेक ठिकाणी सवलत आहे. तिकीट-खिडकीवर आपण होऊन पासपोर्ट दाखवल्याशिवाय ती कोणी देत नाही.

आता प्रत्यक्ष वाटेला लागू. कोलंबो फोर्ट स्थानकावरून दक्षिणेकडे जाणारी गाडी धरावी आणि उजव्या हाताची खिडकी मिळवावी. गाल्लेपर्यंतचा प्रवास अडीच-तीन तासांचा आहे आणि तिसऱ्या वर्गाचे तिकीट एका वेळच्या साध्या जेवणाहून महाग पडत नाही. रूळ काही ठिकाणी समुद्राला इतके लागून जातात की भरतीचे तुषार खिडकीतून आत येतात. माडांच्या बागा, मासेमारीच्या होड्या, कौलारू घरे. आपल्या कोकणातल्या माणसाला परके असे काहीच वाटणार नाही.

या किनाऱ्यावरची साधी साधी गावे बौद्ध इतिहासातील मोठी गावे आहेत. पानदुरा येथे १८७३ मध्ये भिक्खू मिगेट्टुवत्ते गुणानंद यांनी ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी जाहीर वाद केला. त्याचा वृत्तांत वाचून अमेरिकेचे कर्नल ऑल्कॉट प्रभावित झाले आणि १८८० मध्ये गाल्ले येथे त्यांनी पंचशील ग्रहण केले. आपल्या विहारांवर फडकणारा पंचरंगी ध्वज १८८५ च्या वैशाख पौर्णिमेला कोलंबोत प्रथम उभारला गेला, तो याच चळवळीतून. हिक्कडुवा आज परदेशी पर्यटकांनी गजबजलेले आहे. पण ते आचार्य सुमंगल यांचे गाव. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात त्यांच्याच हाताखाली १९०२ मध्ये एक मराठी भाषिक तरुण पाली शिकला. ते गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी. पुणे, काशी, नेपाळ, गया असे हिंडत ते तेथवर पोचले होते आणि खिशात पैसा जवळजवळ नव्हताच. अल्प खर्चातील प्रवासाचा याहून मोठा दाखला मला माहीत नाही.

हिक्कडुव्याजवळ पेरलिया येथे समुद्राकडे पाहत उभी असलेली बुद्धमूर्ती आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत या जागी एक प्रवासी गाडी लाटेखाली सापडली आणि हजाराहून अधिक माणसे गेली. तेथे थोडा वेळ थांबून पुढे जावे.

त्याच्याही आधी, कोलंबोकडच्या बाजूला, बालपिटिया लागते. पर्यटक तेथे माडू गंगा या खाडीत होडीने फिरतात, तिवरांची राने आणि दालचिनीची बेटे पाहतात. होडी सहा जणांत वाटून घेतली तर परवडते. पण आपण तेथे जाण्याचे कारण निराळे आहे. श्रीलंकेत १७५३ मध्ये कँडीच्या राजाने सयामहून भिक्खू बोलावून उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू केली. तो सियाम निकाय. थोड्याच वर्षांत त्याची दारे गोविगम या उच्च मानलेल्या शेतकरी जातीखेरीज इतरांना बंद झाली. बुद्धाच्या संघात जात! किनाऱ्यावरचे दालचिनी सोलणारे सालागम, मासेमार करावे, ताडी काढणारे दुरावे यांना भिक्खू म्हणून पूर्ण दीक्षा मिळेना. तेव्हा किनाऱ्यावरच्या काही श्रामणेरांनी ब्रह्मदेशाची वाट धरली. तेथे अमरपूर येथे उपसंपदा घेऊन ते परतले आणि १८०३ मध्ये बालपिटियाला, याच पाण्यावर सीमा आखून, त्यांनी उपसंपदेचा विधी केला. तो अमरपूर निकाय. राजाची परवानगी नको आणि उच्च जातीची मेहेरबानीही नको. पुढे या निकायातही जातवार शाखा पडल्या, हेही सांगितले पाहिजे. तरीसुद्धा ही घटना आपल्या विद्यार्थ्यांनी त्या खाडीच्या काठावर उभे राहून आठवावी अशी आहे.

गाल्ले येथे पोर्तुगीज व नंतर डचांनी बांधलेला किल्ला आहे. १९८८ पासून तो जागतिक वारसा यादीत आहे आणि तटावर फिरायला पैसे लागत नाहीत. किल्ल्याच्या आत राहणे महाग. बाहेर, बसस्थानकाच्या बाजूला किंवा उनवटुनाच्या वाटेवर घरगुती खोल्या मिळतात. खोलीचे भाडे माणसावर नसून खोलीवर असते, म्हणून एकट्याने जाण्यापेक्षा दोघांनी किंवा चौघांनी जावे. जेवणाला 'राईस अँड करी' मागावी. भात, मसुराची पातळ आमटी, दोन भाज्या आणि ओल्या खोबऱ्याची तिखट चटणी, असे भरपूर ताट येते. सकाळी आप्पा मिळतो, तो आपल्या आंबोळीचा वाटीसारखा भाऊ. भाताला ते 'बत्' म्हणतात, मिठाला 'लुणु', दिवसाला 'दवस' आणि गावाला 'गम'. कान देऊन ऐकले तर भाषा हळूहळू उलगडते.

किनाऱ्यावरून डोंगरात जायला पुन्हा कोलंबो गाठून कँडीची गाडी धरणे सोपे. पोर्तुगीज आणि डच यांना किनारा जिंकता आला, पण हे डोंगरी राज्य १८१५ पर्यंत टिकले, ते का, याचे उत्तर गाडी घाट चढू लागली की मिळते. कँडीत तळ्याकाठी दंतधातूचे मंदिर आहे. तेथे दिवसातून तीनदा पूजा होते. खांदे व गुडघे झाकणारे, शक्यतो पांढरे कपडे असावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे तेथे अपमानाचे समजतात. आपल्या तरुणांनी हे विशेष लक्षात ठेवावे. त्याच तळ्याकाठी मल्वत्त विहार आहे, सियाम निकायाच्या प्रमुख पीठांपैकी एक. दीक्षेतील जातीची अट तेथे आजतागायत गेलेली नाही. मंदिराचे वैभव पाहताना ही गोष्ट मनातून जाऊ देऊ नये.

कँडीपुढे लोहमार्ग चहाच्या मळ्यांतून चढत १८९८ मीटर उंचीवरच्या पट्टिपोला स्थानकापर्यंत जातो आणि पलीकडे एल्ला, बदुल्लाला उतरतो. जगातील सुंदर रेल्वे-प्रवासांत याची गणना होते. एल्लाजवळ १९२१ मध्ये पूर्ण झालेला नऊ कमानींचा पूल आहे, तर देमोदरा येथे रूळ वेटोळे घेऊन स्थानकाच्याच खालून जातात. नोव्हेंबर २०२५ च्या चक्रीवादळात या डोंगरी मार्गाची फार हानी झाली, म्हणून कोणत्या टप्प्यात गाडी चालू आहे याची चौकशी करूनच बेत आखावा. बसने तेच डोंगर दिसतात, भाडेही थोडेच आहे. नुवर एलियाला साहेबी थंड हवेचे ठिकाण म्हणून दर चढे असतात. मला विचाराल तर एल्ला किंवा बंडारवेलाला मुक्काम करून ते एका दिवसात पाहावे.

डोंगरउतारावरचा हिरवा गालिचा पाहून सगळेच हरखतात. येथे चहाची व्यापारी लागवड १८६७ मध्ये सुरू झाली. मळ्यांवर राबायला इंग्रजांनी तामिळ मुलखातून मजूर आणले. त्यांतला मोठा भाग अस्पृश्य मानलेल्या जातींचा होता. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने लाखो मळेकामगार कोणत्याच देशाचे उरले नाहीत. १९६४ च्या शास्त्री-सिरिमावो करारात त्यांची दोन देशांत वाटणी झाली, आणि उरलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा २००३ मध्ये झाला. मळ्यांच्या कडेला दिसणाऱ्या एकेका खोलीच्या लांबलचक चाळी इंग्रजांच्या काळापासूनच्या आहेत; अनेक कुटुंबे अजून त्यांतच राहतात. १९५० मध्ये कोलंबोच्या टाउन हॉलमध्ये बोलताना बाबासाहेबांनी तेथील अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले होते. ते फारसे घडले नाही. पुढे सिंहली-तामिळ वैर वाढत गेले, जुलै १९८३ मध्ये तामिळांची कत्तल झाली आणि बौद्ध म्हणवणारेही त्या जमावांत होते. मे २००९ मध्ये यादवी संपली. बौद्ध देश म्हणून आपण श्रीलंकेवर प्रेम करावे, पण डोळे मिटून नव्हे.

या भागातली बिनखर्ची गोष्ट म्हणजे श्रीपाद पर्वत, उंची २२४३ मीटर. हॅटन स्थानकावरून बसने पायथा गाठावा लागतो. डिसेंबरच्या पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत हंगाम असतो, वाटेवर रात्रभर दिवे असतात. बौद्ध त्या शिखरावर बुद्धाचे पाऊल मानतात, हिंदू शिवाचे, मुसलमान व ख्रिस्ती आदमचे. पाऊल कोणाचे हा वाद राहू द्या. मध्यरात्री पाच हजारांहून अधिक पायऱ्या चढताना पुढे पांढऱ्या साडीतली सत्तर वर्षांची आजी आणि मागे शाळेची मुले असतात, ते पाहावे.

काळ निवडताना थोडी अडचण आहे. किनारा आणि डोंगर यांना डिसेंबर ते मार्च उत्तम. आपली दिवाळीची सुटी तेथे पावसात जाते, आणि मेअखेरीस नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो. तरीही छत्री घेऊन वैशाख पौर्णिमेला जाणारा फसत नाही. रस्तोरस्ती आकाशकंदील असतात आणि 'दानसल' नावाचे मंडप उभे राहतात. तेथे येणाऱ्या प्रत्येकाला, देश-जात न विचारता, फुकट जेवण व सरबत देतात. दर पौर्णिमेला, म्हणजे 'पोया' दिवशी, देशाला सुटी असते आणि दारूची दुकाने बंद राहतात. त्या दिवशी जवळच्या कोणत्याही खेड्यातल्या विहारात जावे. त्याला ते 'पन्सल' म्हणतात, म्हणजे पर्णशाला. अष्टशील घेतलेली माणसे दिवसभर तेथे बसलेली असतात. त्रिसरण-पंचशील सुरू झाले की आपल्याही तोंडी तेच पाली शब्द येतात आणि शेजारचे चमकून पाहतात. मग हे कुठले, कोणाचे, भारतात बौद्ध आहेत का, असे प्रश्न सुरू होतात. त्यांची उत्तरे देता यावीत म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ विषयी चार वाक्ये इंग्रजीत पाठ करून जावे आणि बाबासाहेबांचे एक छोटे छायाचित्र बरोबर ठेवावे.

संस्थेच्या सभासदांपैकी सहा-सात जणांनी मिळून आतापासून महिन्याची भिशी लावली, तर दोन वर्षांत विमानाच्या तिकिटाची रक्कम उभी राहू शकते. गट याहून मोठा करू नये. पुढे मग बस भाड्याने घ्यावी लागते.